लहान मुलांना प्रवेश नाही

१

हृदय आणि छातीच्या वॉर्डाच्या दारावर लाल अक्षरांत पाटी आहे : लहान मुलांना प्रवेश नाही. दारावरचा रखवालदार ती पाटी इतकी मनावर घेतो की एखाद्या ठेंगण्या पाहुण्यालाही थांबवून वय विचारतो. तरीही त्या वॉर्डातल्या तीन म्हाताऱ्या माणसांच्या नाकात लहान मुलांचा विषाणू सापडला.

आरएसव्ही असं त्याचं नाव. बाळांच्या सर्दी-खोकल्यामागे बऱ्याचदा हाच असतो. धडधाकट मोठ्या माणसाला तो चार शिंका देऊन निघून जातो. पण ज्याचं हृदय किंवा फुप्फुस आधीच थकलेलं आहे, त्याच्या छातीत ठाण मांडून बसतो. मोठ्यांसाठी त्याच्यावर हमखास असं औषध नाही. ऑक्सिजन द्यायचा आणि वाट बघायची. तिघांपैकी एकजण, निवृत्त बसचालक, अतिदक्षता विभागात वाट बघत होते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून रुग्णालयाच्या संसर्ग विभागात नुकतीच लागले होते. आमचा विभाग म्हणजे सर, मी आणि एक फ्रीज.

"कोडं सुटलंय," सर म्हणाले. "धाकट्या सिस्टरचं बाळ याच विषाणूनं आजारी आहे. आपल्याच बालविभागात तपासलंय. आई रोज या वॉर्डात ड्यूटीला. तिचं निवेदन लिहिलंय, फक्त सही घेऊन ये. परवा समिती बसणार आहे."

"आणि मग?"

"कंत्राटी आहे ती. समिती बसली की कंत्राट उठेल."

मी निवेदन वाचलं. मग भिंतीवरचा वॉर्डाचा नकाशा बघितला. आजारी पडलेले शिंपीकाका दारालगतच्या खाटेवर, बसचालक पार दुसऱ्या टोकाला, आणि तिसऱ्या मावशी तर बोळापलीकडे बायकांच्या दालनात. तिघांचेही शेजारी ठणठणीत.

"सर, सिस्टर सगळ्यांचीच नाडी बघते, सगळ्यांनाच गोळ्या देते. मग तिनं निवडून तिघांनाच कसा दिला?"

"विषाणूला खाटांचे नंबर वाचता येत नाहीत," सर चहा ढवळत म्हणाले.

तेच तर, मला वाटलं. वाचता येत नसताना त्यानं इतक्या नेमक्या खाटा कशा निवडल्या? निवेदन मी फाइलमध्ये घातलं, पण पेन बाहेर ठेवलं.

२

धाकट्या सिस्टर चादरींच्या खोलीत सापडल्या. वॉर्डात जायला त्यांना बंदी झाली होती, म्हणून दिवसभर घड्या घालायचं काम. मोठ्या सिस्टर वॉर्डाच्या प्रमुख, या त्यांच्या हाताखालच्या, म्हणून धाकट्या. वयानं माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या.

"सही करणार नाही," मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या. "त्यात लिहिलंय, बाळाकडून मला झालं. उलटं आहे. मला आधी सर्दी झाली, मग बाळाला."

"हे सरांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, पकडलेला माणूस असंच म्हणतो."

"सर्दी होती तर सुट्टी का नाही घेतली?"

"कंत्राटी माणसाची सुट्टी म्हणजे उपास, ताई. मास्क लावून काम केलं. हात तर इतके धुतले की रेषा पुसल्या असतील, भविष्य बघायची सोय राहिली नाही."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. ही नोकरी गेली तर दुसऱ्या रुग्णालयात पहिला प्रश्न 'तिथून का काढलं' हाच असणार, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

"एकच विचारते. या तिघांसाठी तुम्ही असं काही केलंत का, जे बाकीच्यांसाठी केलं नाही?"

त्यांनी नुकतीच घडी घातलेली चादर उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"नाही," त्या म्हणाल्या.

चादरीची घडी पहिल्यापेक्षा वाकडी झाली.

३

पुरुषांच्या दालनात मला बघताच पत्ते उशीखाली गेले. तेवढ्यानं माझी पहिली उपपत्ती तयार झाली.

"लपवू नका," मी म्हटलं. "कोण कोण खेळतं?"

"खेळायचं कुठलं, वेळ मारायचा," पैलवान म्हणाला. हा एका व्यायामशाळेत शिकवतो. वय पस्तिशीच्या आसपास, दंड माझ्या मांडीएवढे, आणि छातीत पाणी झाल्यामुळे नुकतं चालायला लागलेल्या पोरासारखा हळू चालतो. "मी, शिंपीकाका, आणि परवापरवापर्यंत ड्रायव्हरकाका. प्रूफकाका नुसते चुका काढतात."

प्रूफकाका म्हणजे खिडकीजवळच्या खाटेवरचे बारीक गृहस्थ. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. काही वर्षांपूर्वी मूत्रपिंड बदललेलं, त्यामुळे रुग्णालयात माहेरी आल्यासारखे वावरतात. या खेपेला पायावरच्या सुजेसाठी आले होते.

"चुका काढतो म्हणजे उपकार करतो," ते म्हणाले आणि थोडे खोकले. "मी आणि ड्रायव्हर शब्दकोडं सोडवायचो. आडवे शब्द त्यांचे, उभे माझे. आता उभं कोडं पडून आहे."

"खोकला कधीपासून आहे?"

"माझा? अगं, तो माझ्यासोबतच निवृत्त झालाय. जुना आहे. तुम्ही चाचणी केलीत की माझीही, स्वच्छ निघाली."

ते खरं होतं. पहिला रोगी सापडल्यावर दोन्ही दालनांत सगळ्यांची झटपट चाचणी झाली होती आणि त्यांची नकारात्मक आली होती.

मी पत्ते वाटायला सांगितले. पैलवानानं दर पत्त्याला अंगठा जिभेवर टेकवला. मला हवं ते मिळालं असं वाटलं आणि पुढच्याच क्षणी उपपत्ती कोसळली. अंगठा चाटणारा एकटा पैलवान आणि तोच निरोगी. शिवाय बोळापलीकडच्या मावशी पत्त्यांना हात लावत नाहीत. आणि मुख्य म्हणजे या विषाणूला तोंडाची वाट फारशी मानवत नाही. त्याला हवे असतात नाक आणि डोळे.

"काय झालं? हरलात?" पैलवानानं विचारलं.

"हरले."

"मग हे बघून खूश व्हा." त्यानं शर्टाची कॉलर पुढे केली. "बटण तुटलं होतं. शिंपीकाकांनी आजारी पडायच्या आधी लावून दिलं. टाके दिसतायत का? मशिनला लाज वाटेल."

टाके खरंच मुंगीच्या पायांएवढे होते. शिंपीकाका ऑक्सिजनची नळी सावरत कौतुकानं हसले.

एवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. "पत्ते," त्यांनी हात पुढे केला. "भरती होताना अंगठ्या, घड्याळं, कवळ्या, चष्मे, सगळं नातेवाइकांकडे द्यायचं, हा नियम आहे. पत्ते त्यातच आले."

"कवळीशिवाय आम्ही चावतो कसे, ते देवालाच ठाऊक," प्रूफकाका म्हणाले.

"कवळी जेवताना मिळते, काका. मागे एकाची सोन्याची फ्रेम हरवली होती, तेव्हा भरपाई मागायला सगळं खानदान माझ्याच टेबलाशी आलं होतं. तुम्ही नव्हतात." पत्ते खिशात टाकून त्या गेल्या.

त्यांच्या मागोमाग मीही निघाले. बोळ ओलांडताना एकच विचार होता : पुरुषांच्या दालनातून या बाजूला विषाणू आला तो कुणाच्या पायांनी?

४

मावशी उशांना टेकून बसल्या होत्या. आजाराचा जोर ओसरला होता, आवाज मात्र अजून चिरका.

"ये गं. आज तरी मीठ घालायला सांग त्या स्वयंपाकघराला," त्या मला म्हणाल्या.

"मी आहारवाली नाही, मावशी." मी छातीवरचं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते धरून हात लांबवला, आणखी लांबवला.

"काय लिहिलंय तूच वाच. चष्मा मुलाकडे दिलाय. त्याशिवाय मला हात लांब पडतात."

मी वाचलं. मग विचारलं की त्यांना भेटायला कोणी लहान मूल आलं होतं का. रखवालदाराचा डोळा चुकवून वगैरे.

"कुठलं येतंय. नात झालीय मला, दुसऱ्या देशात. फोनवर बघितली." त्यांचा चेहरा बदलला. "रंग बापाचा, पण नाक माझं. आणि उजव्या भुवईच्या टोकाला तीळ आहे, एवढासा, मोहरीच्या निम्म्यानं. तो माझ्या सासूबाईंना होता. चौथ्या पिढीत परत आला बघ."

मी आनंद दाखवला, नोंद घेतली, जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

माझं ओळखपत्र ठळक अक्षरांत आहे. ते न वाचू शकणाऱ्या बाईला फोनच्या पडद्यावर मोहरीच्या निम्म्यानं असलेला तीळ दिसतो?

मी परत गेले. "मावशी, मला दाखवा ना तो तीळ."

त्यांनी हौसेनं फोन काढला, लांब धरला, जवळ धरला. बोटानं भलताच फोटो उघडला. तो कुठल्याशा इमारतीचा होता.

"आज दिसत नाही नीट," त्या पुटपुटल्या.

"मग त्या दिवशी कसा दिसला?"

"दिसला त्या दिवशी."

"कोणाच्या चष्म्यातून?"

मावशींनी फोन उशीखाली सरकवला. पुरुषांच्या दालनात पत्ते गेले होते, अगदी तसाच. "मला आता झोप येतेय," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. पापण्या मात्र हलत होत्या.

मी बोळ ओलांडून धावतच शिंपीकाकांच्या खाटेशी गेले.

"काका, माझं एक बटण सैल झालंय. सुईत दोरा ओवून द्याल?"

"आता? चष्म्याशिवाय?" ते म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

पैलवान छताकडे बघायला लागला. बाकीच्या सगळ्यांनी जिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तिकडेच सगळ्यांचे डोळे क्षणभर गेले. खिडकीकडे.

"पुरे झालं," प्रूफकाका म्हणाले. "सिस्टरला कशाला छळता, पोरी. चोरी माझी आहे."

५

त्यांनी पायमोज्यातून चष्मा काढला. काळ्या प्लास्टिकच्या फ्रेमचा, जाड भिंगांचा, साधा वाचायचा चष्मा.

"इथे वरचेवर येणारा माणूस मी. नियम पाठ आहे, म्हणून मोडायचा कसा तेही पाठ आहे," ते म्हणाले. "बाकीचे बिचारे नवखे. चष्मे घरी देऊन बसले. मग हा सार्वजनिक झाला. ड्रायव्हरला आडवे शब्द दिसेनात, शिंप्याला सुई दिसेना. मावशींना नातीचा फोटो आला त्या दिवशी धाकट्या सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, काका, दोन मिनिटं द्या. खिशात घालून घेऊन गेल्या आणि परत आणून दिला. तिचं नाव आलं तर मोठ्या बाईंनी तिला फाडून खाल्लं असतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी तोंडं शिवली."

"आणि मला लागतच नाही," पैलवान म्हणाला. "डोळे शाबूत आहेत अजून."

म्हणजे चाळिशी न आलेला माणूस वाचला होता. शिंपीकाकांच्या शेजारी तोच होता.

"आणि बाकीचे शेजारी?" मी विचारलं.

"ड्रायव्हरशेजारच्या आजोबांना वाचायचा कंटाळा. मावशीशेजारच्या बाई झोपूनच असतात," पैलवान म्हणाला. "आम्ही चौघं-पाचजणच काय ते उठून बसणारे."

"पण एक सांगतो," प्रूफकाका जरा ताठ झाले. "मळका चष्मा मी कधी कुणाला दिला नाही. बघ, घालून बघ."

त्यांनी चष्मा तोंडाशी नेला, दोन्ही भिंगांवर लांब 'हाऽ' केलं, उशाशी पडलेला हातरुमाल उचलला आणि भिंगं, दांड्या, नाकावर टेकणारा मधला पूल, सगळं मन लावून पुसलं. मग खोकला आला म्हणून तोच रुमाल तोंडावर धरला, नाक टिपलं आणि चष्मा माझ्यापुढे केला. पाहुण्याला पाट मांडून द्यावा तसा.

माझा हात पुढे झाला नाही.

"असंच पुसून द्यायचात? प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. माणसानं रीत सोडू नये."

नाक आणि डोळे. याच दोन वाटा त्या विषाणूला हव्या असतात, आणि चष्मा बसतो तो नेमका त्यांच्याच मधोमध. कडक प्लास्टिकवर हा विषाणू काही तास तग धरतो. इथे तर त्याला तासांची गरजच नव्हती. एका नाकावरून उतरायचं, ओल्या रुमालातून फिरायचं, दुसऱ्या नाकावर चढायचं.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या घरी लहान मूल आहे?"

"मुलीची मुलगी. इथे यायच्या आधी, बऱ्याच दिवसांपूर्वी, नाक गळत होतं तिचं. मांडीवर बसून गोष्टी ऐकायची. पण ती केव्हाच बरी झाली."

ती बरी झाली होती. ते झाले नव्हते, आणि ते कुणालाच कळलं नव्हतं.

मी हातमोजे घालून चष्मा पिशवीत घातला आणि सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कारण ऐकून घेणं त्यांना आवडतं. मग म्हणाले, "गोष्ट छान आहे. पण तुझ्या प्रूफकाकांची चाचणी नकारात्मक आहे. ताप नाही. आणि नात बरी होऊन इतके दिवस झाले. विषाणू एवढा काळ काय त्यांच्याकडे पाहुणा राहिला?"

"राहिला असेल. नवं मूत्रपिंड शरीरानं फेकून देऊ नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी झोपवून ठेवलेली असते. तीच झोपलेली, मग विषाणूला हाकलणार कोण? ताप तरी कसा येणार? असे रोगी कित्येक आठवडे विषाणू बाहेर टाकत राहतात, आपणच शिकवता हे."

"आणि चाचणी?"

"झटपट चाचणी बाळांसाठी चांगली. बाळाच्या नाकात विषाणू खच्चून भरलेला असतो. मोठ्या माणसाच्या नाकात थोडाच, तो हुकतो. थुंकी घेऊन पीसीआर करू या."

सरांनी चहाचा कप बाजूला ठेवला. कप बाजूला गेला की ते खरोखर विचार करत असतात.

"थुंकीत सापडलाही, तरी सिस्टर सुटत नाही," ते म्हणाले. "कदाचित बाळाकडून सिस्टरला, सिस्टरकडून चष्म्याला आणि चष्म्यावरून काकांना. उलट सुलट दोन्ही बसतं. दिशा कशी ठरवशील?"

मी चष्म्याची पिशवी फ्रीजमध्ये ठेवली.

६

उत्तर प्रूफकाकांशी बोलतानाच सापडलं. त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं होतं. थुंकीचा नमुना सकारात्मक आला होता, आणि ते त्यांना सांगायला मला पाठवलं होतं. मास्क, झगा, सगळं चढवून मी खुर्चीवर बसले. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे मी पुसून दिला, म्हणून झालं," ते म्हणाले. "न पुसता दिला असता तर?"

मला खोटं बोलता येत नाही, निदान या विषयात तरी. "कदाचित थोडं कमी झालं असतं."

त्यांनी नाकावर, चष्मा बसायचा तिथे, बोट फिरवलं. चष्मा नसल्यामुळे चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"आणि त्या पोरीचं?"

"अजून तिच्यावरच आहे. कुणाकडून कुणाकडे गेला हे सिद्ध करायला हवं. चारही रोगी, सिस्टर आणि बाळ, सगळ्यांचा विषाणू एकच निघेल. पण एकाच पुस्तकाच्या सहा प्रती समोर असल्या तर पहिली कुठली, कसं..." मी मध्येच थांबले. "काका, छापखान्यात हे कसं ओळखायचे?"

"सोपं. नक्कल करणारा जुन्या चुकाही उतरवून घेतो आणि एखादी आपली घालतो. चुका शेजारी शेजारी लावल्या की..." तेही थांबले.

"विषाणू स्वतःची नक्कलच करत असतो," मी म्हटलं. "आणि या विषाणूकडे प्रुफं तपासणारा नसतो. झालेली चूक तशीच पुढच्या प्रतीत."

"बेकार धंदा," प्रूफकाका म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते हसले.

सहा नमुन्यांचा जनुकक्रम वाचायला प्रयोगशाळेला एरवी आठवडा लागतो. तिथली मुलगी माझी वर्गमैत्रीण. तिला मी काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. सरांनी समिती दोन दिवस पुढे ढकलली.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला प्रशासनाचे साहेब, सर आणि मोठ्या सिस्टर. दुसऱ्या बाजूला धाकट्या सिस्टर एकट्या. मी शेजारी जाऊन बसले, कारण तिथेच खुर्ची होती.

"थोडक्यात सांगा," साहेब म्हणाले.

"प्रूफकाकांच्या विषाणूत जुन्या चुका आहेत," मी म्हटलं. "त्याच चुका शिंपीकाका, ड्रायव्हरकाका, मावशी आणि सिस्टर, सगळ्यांत जशाच्या तशा. सिस्टरमध्ये त्याशिवाय एक नवी. बाळामध्ये काकांच्या सगळ्या, सिस्टरची ती नवी, आणि वर आणखी एक स्वतःची. बाळापासून सुरुवात झाली असती, तर सिस्टरची आणि बाळाची नवी चूक वॉर्डातल्या रोग्यांतही दिसली असती. कुणातच दिसत नाही. म्हणजे बाळ साखळीच्या सुरुवातीला नाही, शेवटी आहे. विषाणू घरून वॉर्डात आला नाही. वॉर्डातून घरी गेला."

"पण चष्मा यांनी नेला," साहेब कागद चाळत म्हणाले. "नियम मोडला ना?"

"मोडला," धाकट्या सिस्टर म्हणाल्या. "मावशींना नातीचा फोटो आला होता. त्या फोन उलटा धरून बघत होत्या."

साहेबांनी मोठ्या सिस्टरकडे बघितलं.

"चष्मे काढून घ्यायचा नियम माझा," त्या म्हणाल्या. "एक फ्रेम हरवली म्हणून मी सगळा वॉर्ड आंधळा केला. प्रत्येकाचा चष्मा प्रत्येकाच्या नाकावर असता, तर हा एक चष्मा फिरला नसता. लिहायचंच असेल तर हे आधी लिहा. आणि तिला उद्यापासून ड्यूटीवर पाठवा, माझ्याकडे माणसं कमी आहेत."

सरांनी न झालेल्या सहीचं ते निवेदन फाइलमधून काढलं आणि दोन तुकडे केले. तेवढंच त्यांचं माफी मागणं.

उठता उठता मी अतिदक्षता विभागातून आलेला निरोप सांगितला. बसचालकांचा ऑक्सिजन उतरवायला घेतला होता. त्यांच्या मुलानं त्यांना चष्म्याची हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले होते : जन्मभर बस चालवली, पाठीमागे कोण कुणावर शिंकलं ते कधी विचारलं नाही, आता काय विचारू. प्रूफवाल्याला म्हणावं, जीव लावून बरा हो.

७

बाहेरच्या बोळात धाकट्या सिस्टर बाकावर बसल्या होत्या. मला वाटलं, आनंदानं रडत असतील. त्या रडत नव्हत्या.

"ताई, म्हणजे बाळाला माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

टेबलाशी बसून मी ज्याला पुरावा म्हणत होते, त्याला घरी असंही एक नाव असतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "कसं आहे आता?"

"छान आहे. दूध पितंय, रात्रभर जागवतंय. त्याला काय नोकरीची काळजी." त्यांनी पदरानं चेहरा पुसला, मग हाताकडे बघितलं आणि उठून बोळातल्या नळावर हात धुतले. "ते नाही हो. शेजारच्या वहिनींचं पोर आमच्याकडे खेळायला यायचं. बाळ आजारी पडल्यापासून सासूबाई म्हणतायत, त्या पोरानंच आणलं. वहिनींशी बोलणं टाकलंय त्यांनी. दार लावून घेतात तोंडावर. मीही काही बोलले नाही. मला वाटलं, असेल बाई. इथे माझ्यावर आळ आलेला, तिथे मी गप्प बसून दुसऱ्यावर येऊ दिला."

"तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. आता आहे ना." त्यांनी हात झटकले आणि पर्स खांद्याला लावली. "आजच सांगायला हवं. आधी सासूबाईंना, मग वहिनींना."

"मी येऊ का? कागद दाखवते, चुकांचा तक्ता समजावून सांगते."

त्या हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"सासूबाईंना तक्ता? नको, ताई. इथे तुम्ही बोललात, तिथे माझं मलाच बोललं पाहिजे." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "खरं सांगू? ही समिती सोपी होती."

मग पदर खोचून त्या झपाझप जिना उतरून गेल्या.